पहिल्या पानावरची ओळ

चित्रकथेतली माणसं बोलतात ती डोक्यावरच्या फुग्यांतून. चित्रं कुणीतरी काढतं, गोष्ट कुणीतरी लिहितं, एवढं वाचणाऱ्याला ठाऊक असतं. पण फुग्यातलं एकेक अक्षर कुणीतरी मान मोडून हाताने काढलेलं असतं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. जिने हे काम एकतीस वर्षं केलं तिला सगळे अक्षरताई म्हणायचे. लग्न झालं, मुलगा झाला, सून आली, नवरा गेला, गुडघे गेले, पण ते नाव काही गेलं नाही.

तिला तिथे चिकटवलं मामाने. मामा छापखान्यात खिळे जुळवायचा. भाचीचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, म्हणून एकोणिसाव्या वर्षी तो तिला मालकांसमोर घेऊन गेला. मालकांनी कागदावर बशी उपडी घालून वर्तुळ काढलं, एक लांबलचक वाक्य तोंडी सांगितलं आणि म्हणाले, "हे यात बसव. एक शब्द गाळायचा नाही."

तिने बसवलं. मालकांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"उद्यापासून ये," ते म्हणाले.

कचेरी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्र सुरू झालं की वरची जमीन थरथरायची आणि शाईच्या दौतीत बारीक वर्तुळं उठायची. यंत्राच्या दोन फेऱ्यांमधल्या उसंतीत निब टेकवायची, हे ती महिन्याभरात शिकली. खिडकीपाशी दादांचं मोठं उतरतं टेबल, भिंतीपाशी तिचं छोटं, आणि दाराजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागेल अशा जागी, मास्तरांची खुर्ची.

दादा म्हणजे चित्रकार. उंच, देखणे, बोलायला मोकळे. त्यांचा हात असा, की चार रेघांत धावणारा माणूस कागदाबाहेर पडेल असं वाटावं. मास्तर गोष्टी लिहायचे. आधी शाळेत शिकवत होते म्हणून मास्तर. बुटके, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने पुढे वाकावं लागे. त्यांचे कागद आधी दादांकडे जायचे, चित्रं झाली की तिच्याकडे यायचे, अक्षरं काढून झाली की रद्दीत जायचे. तेव्हा त्या कागदांना किंमत असेल असं कुणालाच वाटत नव्हतं. मासिकात नावंही छापायची पद्धत नव्हती.

'तारवाला' जन्माला आला तेव्हा ती तिथे होती. दुपारचा चहा चालला होता. मालक म्हणाले होते की नवीन काहीतरी हवं, राजे आणि राक्षस खूप झाले. मग मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "माझा मोठा भाऊ तारखात्यात होता. खांबावर चढून तारा जोडायचा. मला म्हणायचा, तारेला कान लावला की सगळं गाव ऐकू येतं. कोण रडतंय, कोण खोटं बोलतंय, कोण कुणाची वाट बघतंय."

"मग?" दादांनी विचारलं.

"मग काय. एकदा खांबावरून पडला." मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पण समजा, पडला नसता तर?"

दादांनी तिथल्या तिथे चहाचा पेला बाजूला सारून खांबावरचा माणूस काढला. खांद्यावर तारेचं भेंडोळं, एक कान तारेला, नजर खाली गावाकडे. तो माणूस पुढे घराघरांत गेला. त्याच्याकडे ना तलवार, ना जादू. तो फक्त ऐकायचा, आणि ऐकल्यावर त्याला गप्प बसवत नसे. मुलं विजेच्या खांबांना कान लावून उभी राहू लागली, तेव्हा आयांच्या तक्रारी आल्या आणि मालकांनी हसत हसत छपाई दुप्पट केली.

तारवाल्याला तीन वर्षं झाली. छत्तिसाव्या अंकाला, म्हणजे तिसऱ्या वाढदिवसाच्या अंकाला, मालकांनी ठरवलं की आता नावं छापायची. पहिल्या पानाच्या माथ्यावर जाड पुठ्ठ्याची एक पट्टी दर महिन्याला चिकटवली जायची. तिच्यावर मासिकातल्या गोष्टीचं शीर्षक असे. त्या शीर्षकाखाली ओळ घालायची होती. अक्षरताईने नवी पट्टी केली. "गोष्ट" आणि पुढे मास्तरांचं नाव, "चित्रं" आणि पुढे दादांचं. मालकांनी मागच्या बाजूला तारीख टाकून सही केली. सहीशिवाय काहीच छपाईचा फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यापुढे जात नसे.

मास्तरांनी ती पट्टी पाहिली, तेव्हा कितीतरी वेळ त्यांनी ती हातातून ठेवलीच नाही.

"माझं नाव जरा बारीक करता येईल का ग?" ते म्हणाले. "गोष्टीपेक्षा मोठं वाटतंय."

"राहू द्या हो मास्तर. शोभतंय."

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. बायकोचं बाळंतपण अडलं होतं. मुलगी झाली, पण बाईंची तब्येत ढासळली आणि मास्तर दोन महिने इस्पितळात अडकले. गोष्टी तिथल्या बाकावर बसून लिहून पाठवायचे. कागदांना औषधाचा वास यायचा.

आणि त्याच दिवसांत एक दुसरं मोठं मासिक दादांना बोलवायला लागलं.

मालकांनी तिला आत बोलावलं. दादा खुर्चीत पाय लांब करून बसले होते, तिच्याकडे न बघता.

"नवी पट्टी कर," मालक म्हणाले. "'गोष्ट आणि चित्रं', आणि पुढे फक्त दादांचं नाव."

"आणि मास्तर?"

"मास्तरांचं मी बघतो. लिहिणारे छप्पन मिळतात ग. हा हात गेला तर उद्या दुकान बंद करावं लागेल."

ती उभीच राहिली. मालक माणूस ओळखून होते. ते जरा थांबले आणि म्हणाले, "ओळ तोकडी दिसेल. एक कर, शेवटी 'अक्षरं' असं लिही आणि तुझं नाव घाल. तीन वर्षं राबते आहेस. तुझंही नाव यायला नको का?"

हे पुढे आयुष्यभर तिला टोचत राहिलं. तिला कुणी धमकावलं नव्हतं. नोकरीवरून काढू असं कुणी म्हणालं नव्हतं. तिने "मास्तरांना विचारून करू या" एवढं म्हटलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं, कदाचित सगळंच झालं असतं. पण आपलं नाव छापून येणार म्हटल्यावर तिला जो हर्ष झाला, तो काही मास्तरांसाठी नव्हता. पट्टी तासाभरात तयार झाली. ती तिच्या हातची सर्वांत सुंदर पट्टी होती. अंक आल्यावर तिने पाच प्रती घरी नेल्या. आईने एक शेजारणीला दिली, एक कपाटात जपून ठेवली.

जुनी पट्टी मात्र तिच्याने फेकवेना. इतकी छान उतरली होती. तिने ती खणात, तळाला पसरलेल्या कागदाखाली सरकवून ठेवली.

दोन महिन्यांनी मास्तर परत आले. गालफडं बसलेली, डोळे आत गेलेले. टेबलावर अंक होता. त्यांनी पहिलं पान उघडलं. अक्षरताईने मान खाली घातली आणि कोरडीच निब कागदावर फिरवत राहिली. ते तिच्या टेबलापाशी आले.

"तुझं नाव आलं," ते म्हणाले. "छान झालं."

टोमणा असता तर तिला सोसला असता. पण त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

मालकांनी त्यांना "पुढच्या वेळी बघू" म्हणत तीन महिने टोलवलं. एकेचाळिसाव्या अंकाची गोष्ट देऊन झाल्यावर मास्तर पुन्हा तिच्याजवळ आले. कचेरीत दोघंच होती.

"एक काम होतं," त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू झाला. "मी एका वकिलाला भेटलो. तो म्हणाला, काहीतरी कागद दाखवा. माझ्याकडे काहीच नाही ग. ती पहिली पट्टी, मालकांची सही असलेली... ती असेल का तुझ्याकडे?"

पट्टी तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती.

"ती... ती फेकली मास्तर. जागा नव्हती."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. खुर्चीच्या पाठीवरची पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

तिने खोटं का सांगितलं? पट्टी दिली असती तर मालकांना कळलं असतं, दादा दुखावले असते, दादांनीच तर तिला शाईचा हात शिकवला होता. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या मुळाशी एक होतं, की मास्तरांचं नाव परत आलं असतं तर तिचं गेलं असतं. ओळीत जागा तेवढीच होती.

पुढे गोष्टी दादांच्या नावावर छापून येत राहिल्या. दादांना गोष्ट सुचत नसे असं नाही, पण त्यांचा तारवाला बोलायला लागला की लाकूड बोलल्यासारखं वाटे. फुगे रिकामेच टेबलावर येऊ लागले. "तू भर ग काहीतरी, तुला त्याची सवय आहे," दादा म्हणायचे. ती भरायची. मास्तर काय म्हणाले असते याचा विचार करून करून भरायची. लोकांना फरक कळला नाही, की कळूनही चित्रांपुढे त्यांनी तो चालवून घेतला, देव जाणे.

छापखान्यातला कॅमेरावाला तिचा नवरा झाला. त्याला सगळं ठाऊक होतं. पहिली पट्टी फोटोसाठी आली आणि तशीच परत गेली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. लग्नानंतर एकदाच तो म्हणाला, "नेऊन दे ना त्यांना. किती दिवस सांभाळशील?"

"आता कुठे शोधू त्यांना?" ती म्हणाली.

शोधायला ते काही चंद्रावर गेले नव्हते. नवऱ्याने परत विषय काढला नाही. मरेपर्यंत त्याने मूग गिळले, आणि तेही तिच्याच खात्यावर चढलं असं तिला वाटे.

दादांचा मोठा सत्कार झाला, तेव्हा ती तिसऱ्या रांगेत बसली होती. कुणीतरी विचारलं, तारवाला सुचला कसा? दादा ध्वनिक्षेपकापाशी झुकले आणि म्हणाले, "एकदा खिडकीतून बघत होतो. खांबावर एक माणूस चढलेला. मनात आलं, हा वर काय ऐकत असेल?" टाळ्यांचा कडकडाट झाला. तिचे हातही एकमेकांवर आपटत होते. कचेरीच्या खिडकीतून एकही खांब दिसत नसे, समोर गोदामाची भिंत होती.

दादा गेले, मालक गेले, मासिक बंद पडलं. तारवाला मात्र टिकला. त्याचे जाडजूड संग्रह निघाले. वर्तमानपत्रांतून लेख येत राहिले की त्या एका चित्रकाराने किती पिढ्यांना चित्र काढायला आणि गोष्ट सांगायला शिकवलं. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

एकाहत्तराव्या वर्षी एका सकाळी तिच्या दारात एक तरतरीत मुलगी उभी राहिली. चित्रकथेवर ज्यांचा सगळ्यात मोठा ठसा उमटला अशा पन्नास जणांवर ती पुस्तक लिहीत होती. अक्षरताईने मनातल्या मनात तिला पुस्तकवाली म्हणून टाकलं.

"दादांवर सगळ्यात मोठं प्रकरण आहे," पुस्तकवाली म्हणाली. "त्यांनी गोष्टी कशा लिहिल्या, ते तुम्ही जवळून पाहिलंय."

"पाहिलं," अक्षरताई म्हणाली. अठ्ठेचाळीस वर्षांची सवय. "हुशार माणूस. त्यांचंच सगळं."

"आणि पन्नासांत तुम्हीही आहात हं!"

"मी?"

"तुमच्या अक्षरांची नक्कल किती जणांनी केली! आणि मला एक गोष्ट फार आवडली." तिने पिशवीतून जुन्या अंकांची चित्रं काढली. "पहिल्या पानावरची ओळ बघा. नवी पट्टी केलीत की दर वेळी तुमचं नाव आधीपेक्षा बारीक. शेवटच्या अंकात तर मुंगीएवढं. केवढा हा विनय! मी तेच लिहिणार आहे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. आपण हे करत होतो हे तिला स्वतःलाही धड कळलं नव्हतं. पुस्तकवाली गेल्यावर ती तशीच बसून राहिली. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, सून धावली, "आई, वास नाही आला तुम्हाला?" म्हणाली. नाही आला.

मास्तरांचा पत्ता शोधायला तिला फक्त दोन दिवस लागले. हेच दोन दिवस तिला अठ्ठेचाळीस वर्षांत मिळाले नव्हते. पत्ता निघाला एका औषधाच्या दुकानाचा. काचेच्या फळीमागे पांढरा कोट घातलेली बाई होती, कपाळ अगदी मास्तरांचं. मास्तरांची मुलगी.

"मास्तर... तुमचे वडील भेटतील का?"

"बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही कोण?"

तिने हातातली पिशवी घट्ट धरली आणि सांगायला सुरुवात केली. दुकानात काही गाभाऱ्यासारखी शांतता नसते. खोकल्याचं औषध मागायला एक जण आला, एक बाई गोळ्यांची पट्टी परत करायला आली. मुलगी त्यांना देत-घेत होती आणि अक्षरताई जिथे सोडलं तिथून पुन्हा पुढे सांगत होती. खोटं बोलल्याचं सांगेपर्यंत तीन गिऱ्हाइकं होऊन गेली.

मुलीचे हात थांबले.

"तारवाला बाबांनी लिहिला?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"बाबांनी तो अंक घरात येऊ दिला नाही कधी. मी मैत्रिणीकडे चोरून वाचायचे. एकदा दप्तरात सापडला तर म्हणाले, असलं वाचू नकोस. मला वाटायचं, बाबांना चित्रकथांचा तिटकारा आहे. आम्ही दोघं त्यावरून..." ती थांबली. मागे नवीन गिऱ्हाईक आलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग अक्षरताईकडे. आवाज एकदम दुकानाचा झाला. "तुम्हाला औषध हवंय का काही? नसेल तर बाजूला व्हा. लोक खोळंबलेत."

अक्षरताई बाजूला झाली, मग रस्त्यावर आली, मग घरी. तिला वाटलं होतं की सांगितल्यावर छातीवरचा दगड उतरेल. उलट आता त्याचं वजन कळलं. आजवर तिला वाटत होतं की आपण मास्तरांचं नाव घेतलं. आपण या मुलीच्या वडिलांना तिच्यापासूनच लपवून ठेवलं, हे तिच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी, दुकान दुपारचं बंद असताना, मुलगी दारात आली. हातात तारवाल्याचा जाडजूड संग्रह.

"क्षमा-बिमा करायला आले नाही मी," ती उंबऱ्यातच म्हणाली. "मला सांगा, यातलं बाबांचं कुठलं."

"पहिले एकेचाळीस अंक सगळे त्यांचे."

"तसं नाही. एकेक पान सांगा."

दर गुरुवारी ती दुपारी दुकान बंद असताना यायची आणि दोघी पान उलटत जायच्या. अक्षरताईची नजर कमी झालेली असली तरी स्मरण पक्कं होतं. जे अक्षर हाताने काढलं ते हात विसरत नाही. "हे वाक्य मूळचं लांब होतं, फुग्यात मावेना, मी तोडलं. मास्तर चिडले होते." "हा म्हातारा त्यांच्या शाळेचा शिपाई, असं ते म्हणायचे." एका ठिकाणी एक बाप इस्पितळाच्या बाकावर बसून तान्ह्या मुलीला हळू आवाजात पाढे म्हणून दाखवतो, तिला झोप यावी म्हणून. मुलीने पानावर हात ठेवला.

"हे ते पुढेही करायचे," ती म्हणाली. "माझ्या मुलालाही सतराचा पाढा म्हणून झोपवलंय." मग तिने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "पुढचं पान."

ती हसून बोलली नाही. चहा ठेवला तर "नको, झालाय" म्हणायची. अक्षरताईने आग्रह केला नाही. तो करायचा आपला हक्क नाही हे तिला कळत होतं. पण गुरुवारी सकाळपासून ती घड्याळ बघायची, हेही खरं.

एकेचाळिसावा अंक संपला. मुलीने पुढचं पान उलटलं. "आणि हे?"

"हे मास्तरांचं नाही. चित्रं दादांची. बोलणं... बरंचसं मी भरलंय. मास्तरांसारखं लिहायचा प्रयत्न करत होते."

मुलीने दोन पानं नीट वाचली.

"जमलं नाही तुम्हाला."

"नाही जमलं," अक्षरताई म्हणाली. हसू आवरायला तिने ओठ मुडपले. मुलीचेही क्षणभर हलल्यासारखे वाटले.

मग पुस्तकवालीला बोलावलं. अक्षरताईने पट्टी टेबलावर ठेवली. पुठ्ठा पिवळा पडला होता, पण शाई तशीच काळी कुळकुळीत, आणि मागे मालकांची सही आणि तारीख. पुस्तकवालीने ती उचलली, उलटली, पुन्हा सुलटी केली आणि खुर्चीत टेकली. अक्षरताईने काहीही मागे ठेवलं नाही. नाव कसं मिळालं, खण कुठे होता, मास्तरांनी काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "आता एवढं करा. पन्नासांतून मला काढा. माझी तिथे बसायची लायकी नाही."

पुस्तकवाली काही बोलायच्या आत मास्तरांची मुलगी बोलली.

"एकदा नाव काढलंत ना? पुरे झालं. आता कुणाचंच काढायचं नाही. तुमचंसुद्धा नाही. बसा तिथेच, बाबांच्या शेजारी."

ती दया नव्हती, हे अक्षरताईला बरोबर कळलं.

पुस्तक वर्षाने आलं. दादांच्या प्रकरणाचं दोघांचं प्रकरण झालं होतं. मास्तरांचा फोटो होता, दोऱ्याने बांधलेल्या चष्म्याचा; तो मुलीने दिला होता. खाली लिहिलं होतं की ऐकणाऱ्या नायकाची कल्पना त्यांची, तारखात्यातल्या भावावरून सुचलेली, आणि पुढच्या कित्येक लेखकांनी गोष्ट सांगायची रीत त्यांच्याकडून, त्यांचं नाव ठाऊक नसताना, उचलली. अक्षरताईने ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

मग तिने स्वतःचं पान काढलं. अक्षरांबद्दल चांगलं लिहिलं होतं. शेवटी होतं: "आपल्या सहकाऱ्यावरचा अन्याय त्यांनी मोठ्या धैर्याने उजेडात आणला." पट्टी त्यांनी "जपून ठेवली होती". खोटं बोलल्याचा उल्लेखही नव्हता. पुस्तकवालीने म्हाताऱ्या बाईची लाज राखली होती.

सून ते पान शेजारपाजारी दाखवत फिरली. लोक येऊन "केवढं मोठं मन" म्हणून गेले. दुसऱ्यांदा अक्षरताईचं नाव छापून आलं होतं, आणि दुसऱ्यांदा ते असं, की आईच्या कपाटात ठेवायच्या लायकीचं नाही.

तिने कागद घेतला. हात आता कापायचा, ओळ सरळ राहत नव्हती. पुस्तकवालीला पत्र लिहिलं: पुढची आवृत्ती निघेल तेव्हा हे घाला, की मी पट्टी जपून ठेवली नव्हती, लपवून ठेवली होती, त्यांनी मागितली तेव्हा मी फेकली म्हणून सांगितलं, त्या वेळी ती माझ्याजवळच होती. पत्र पोस्टात टाकण्याआधी ती औषधाच्या दुकानात गेली. फळीपुढे दोन माणसं होती. ती रांगेत उभी राहिली, आणि तिची पाळी आली तेव्हा तिने पत्र पुढे सरकवलं.

"पुस्तकात अर्धंच आलंय," ती म्हणाली.

"वाचलं मी." मास्तरांच्या मुलीने पत्र उचललं, उजेडाकडे धरून औषधाची चिठ्ठी वाचावी तसं एकेक ओळ वाचलं. मग कोटाच्या खिशातलं पेन काढून फळीवर ठेवलं.

"एक राहिलंय. बाबा वकिलाकडे गेले तेव्हा मी पाच-सहा महिन्यांची होते आणि आई अजून अंथरुणावरच होती. तेही घाला."

अक्षरताईने पेन घेतलं. मागचा माणूस चुळबुळला, तेव्हा मुलगी त्याला म्हणाली, "थांबा जरा. यांचं लिहून होऊ दे."